सोळांतले पाच

शिवणकाम करणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून तिला मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध चौथीतच तुटला होता आणि तो तुटल्याचं दुःख ना तिला झालं होतं ना शाळेला. पण गळ्यात टेप पडली आणि तिला जगातली कुठलीही वस्तू मोजता येऊ लागली. दारात माणूस उभा राहिला की त्याची कंबर, त्याची बाही आणि त्याची ऐपत ती एका नजरेत सांगायची. कंबरेत अर्ध्या इंचाची चूक झाली तर झाली, ऐपतीत कधी झाली नाही.

कपडे दुरुस्तीचं दुकान खाली, राहायचं घर वर, मधे एकोणीस पायऱ्या. घरातलं सगळं भांडण त्या एकोणीस पायऱ्यांवरून होतं.

तिची धाकटी लेक एक्केचाळीस वर्षांची, दुकानातली कापणारी. तिने कात्री चालवली की कापड आपणहून दुभंगल्यासारखं वाटायचं. सहा वर्षांपूर्वी तिचा उजवा पाय फरफटायला लागला. पुढे बोटांना मुंग्या आल्या, कात्री जड झाली, आणि बऱ्याच तपासण्यांनंतर आजाराला नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंच्या वरचं आवरण झिजत जातं, असं डॉक्टरांनी समजावलं. मास्तरीण म्हणाली, अस्तर गेलं म्हणा की. डॉक्टर म्हणाले, हो, अस्तरच. मग त्यांनी असंही सांगितलं की काहींचा आजार झटक्याने येतो आणि पुष्कळसा ओसरतो, पण धाकटीचा त्या जातीचा नाही. हा झटका देत नाही आणि माघारही घेत नाही. रोज थोडं थोडं नेतो, उंदराने पोत्यातून धान्य न्यावं तसं.

थोरला मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, पुलांचे नकाशे काढायची नोकरी, बायको परगावी बदलीवर, घर तळमजल्यावर. तो दोन वर्षं एकच गोष्ट म्हणत होता. धाकटीला माझ्याकडे येऊ दे, तिथे एकही पायरी नाही. मास्तरीण म्हणायची, ती काय कुंडी आहे, उचलून अंगणात ठेवायला? ती पायऱ्या चढते आहे तोवर चढू दे. बसलेलं माणूस बसतंच.

अशात ते नवं औषध आलं. बाजारात नव्हे, इस्पितळात, चाचणीसाठी. सोळा माणसं निवडायची, सहा महिने रोज सकाळी दोन पांढऱ्या गोळ्या द्यायच्या आणि काय होतं ते बघायचं. धाकटीची निवड झाली. तेव्हा थोरल्याने आणि मास्तरणीने करार केला. चाचणीचा निकाल लागेल त्या दिवशी ठरवायचं. औषध लागू पडलं तर धाकटी वरच राहील आणि थोरला पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही पडलं तर ती थोरल्याकडे जाईल आणि मास्तरीण तोंड उघडणार नाही. ही दुसरी अट ऐकून दुकानातला इस्त्रीवाला इतका हसला की त्याने एका गिऱ्हाइकाची कॉलर जाळली.

इस्पितळात दर भेटीला धाकटीला पंचवीस फूट चालवत आणि घड्याळ लावत. मास्तरणीने विचार केला, पंचवीस फूट तर आपल्याकडेही आहेत. तिने इस्त्रीच्या टेबलापासून कपडे घालून बघायच्या पडद्यापर्यंत टेप टाकली, मधलं कपाट सरकवलं, दोन्ही टोकांना खडूने रेघा ओढल्या. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती हातात घड्याळ घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, चल. धाकटी चालायची. पडद्यामागच्या भिंतीवर सेकंद लिहिले जायचे. पहिल्या रविवारी चौदा. मग साडेतेरा. दोन महिन्यांनी तेरा, तीन महिन्यांनी बारा, आणि शेवटी शेवटी अकरा.

ते भिंतीवरचे आकडे तिने कुणाकुणाला दाखवले नाहीत? पँटची लांबी कमी करायला आलेल्या माणसाला ती आधी पडद्यामागे न्यायची. बिचाऱ्याला वाटायचं माप घ्यायचं आहे. वाचा, म्हणायची. चौदाचे अकरा झालेत. गोळी पोटात गेली आणि पाय उचलायला लागला.

इस्पितळात मात्र ती जाऊ शकत नसे. भेटी दर गुरुवारी असत आणि गुरुवारी हॉटेलवाल्यांचे गणवेश यायचे, दोन पोती भरून. धाकटीला न्यायला थोरला गाडी घेऊन यायचा. सकाळच्या गोळ्या मात्र मास्तरीण स्वतः द्यायची. डबी उघडायची, दोन गोळ्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला पुढे करायची, आणि गिळलेली दिसेपर्यंत हलायची नाही.

निकालाच्या आठवड्यात वर्तमानपत्रात त्या औषधाची बातमी आली, जाड अक्षरात: थांबलेले पाय पुन्हा चालू लागले. मास्तरणीने चष्मा सापडत नसल्याचं सांगून ती इस्त्रीवाल्याकडून दोनदा वाचून घेतली. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मग तिने थोरल्याला फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली की तुझ्या तळमजल्यावर आता तू भाडेकरू ठेव.

थोरला काही बोलला नाही. त्याचं न बोलणं तिला हार वाटलं.

निकाल सांगायला इस्पितळाने सगळ्यांना बोलावलं होतं, औषध घेतलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना. खोली लांबट, खुर्च्या निळ्या, मधे चाकाच्या खुर्च्यांसाठी मोकळी जागा. मास्तरीण पहिल्या रांगेत बसली. तिच्या एका बाजूला धाकटी, काठी मांडीवर आडवी. दुसऱ्या बाजूला थोरला, ज्याने दोनदा सांगून पाहिलं होतं की आई, तू नाही आलीस तरी चालेल, लांबचलचक भाषण असतं. गुरुवार असूनही ती आली होती. गणवेशांना म्हणावं, थांबा.

चाचणीची डॉक्टर तरुण बाई होती, दमलेल्या डोळ्यांची. मास्तरणीला तिने मावशी म्हणून पाणी विचारलं. मास्तरीण म्हणाली, मावशी म्हणू नका. मावशी म्हणणारं गिऱ्हाईक भाव पाडायला आलेलं असतं. डॉक्टर हसली, पण हसू लगेच मावळलं.

पडद्यावर एक रेघ उमटली, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी. चालायला लागणारा वेळ कमी होतोय, म्हणजे इथे खाली जाणं चांगलं, असं डॉक्टरने सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. मागे कुणीतरी नाक ओढलं. मास्तरणीने थोरल्याच्या बरगडीत कोपर मारलं.

पण तिचा जन्म कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या वाचण्यात गेला होता. कापड कशाचं आहे ते मोठ्या अक्षरात लिहितात, धुतल्यावर आटेल हे बारीक अक्षरात. तिने रेघ बघून झाल्यावर कोपरा बघितला. कोपऱ्यात लिहिलं होतं: अकरा जण.

ती उभी राहिली. "डॉक्टर, घेतले होते सोळा. रेघेत अकराच आहेत. बाकीचे पाच कुठे गेले?"

थोरल्याने तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

डॉक्टरने सरळ उत्तर दिलं, हे मास्तरणीने पुढेही कबूल केलं. दोघांनी येणं सोडलं. तिघांच्या रक्तात यकृताचे आकडे वाढले म्हणून औषध थांबवावं लागलं. शेवटपर्यंत गोळ्या घेतलेल्यांचीच ही रेघ आहे.

"म्हणजे असं झालं," मास्तरीण म्हणाली, "की मी सोळा सदरे शिवले, पाच उसवले, आणि गिऱ्हाइकाला मी अकरा दाखवून सांगते, बघा माझा एक टाका हलत नाही."

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसली नाही. उलट तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा झाला. ती म्हणाली, हा प्रश्न बातमी छापणाऱ्यांनी विचारायला हवा होता. आणि मग तिने खुर्ची ओढून, बसून, सगळं सांगितलं. ही चाचणी औषध लागू पडतं का हे बघायला नव्हतीच. ते माणसाला झेपतं का, एवढंच बघायचं होतं. सोळांना औषध दिलं, पण तसेच सोळा बिनऔषधाचे शेजारी ठेवले नव्हते, मग तुलना कशाशी करणार? शिवाय या आजारात एकाच माणसाचा चालण्याचा वेळ एकाच आठवड्यात पाच सेकंदांमागे एक सेकंद इतका मागेपुढे होतो. झोप झाली, ऊन कमी असलं, कुणी कौतुकाने बघत असलं, तरी पाय पटापट पडतो. रेघ जितकी उतरली आहे तितकी नुसत्या आशेनेही उतरते. पुढच्या चाचणीत अर्ध्यांना खरी गोळी देतील, अर्ध्यांना पोकळ, म्हणजे आत औषधच नसलेली, आणि घड्याळ धरणाऱ्यालाही माहीत नसेल की कुणाच्या पोटात काय आहे. तेव्हा काय ते कळेल.

खोली थंड पडली. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते मास्तरणीकडे असं बघायला लागले की जणू तिनेच त्यांच्या घासात खडा टाकला. तिला ते सहन झालं नाही. इतरांची आशा मोडायला ती आली नव्हती, आणि स्वतःची तर मोडलीच नव्हती. ती पुन्हा उठली.

"ते पाच राहू द्या बाजूला. माझी लेक अकरांतली आहे. दर रविवारी मी स्वतः मोजलंय, चौदाचे अकरा झालेत. ही काय समोर बसली आहे, विचारा."

डॉक्टरने धाकटीकडे बघितलं आणि लगेच खाली कागदांकडे. थोरल्याने डोळे मिटले. तेवढ्यावरून मास्तरणीला कळायला हवं होतं, कारण शिवण कुठे ताणली गेली आहे हे तिला बोट न लावता कळायचं. पण घरच्या माणसाकडे आपण त्या नजरेने कुठे बघतो.

"आई, खाली बस," धाकटी म्हणाली. "मी अकरांत नाही. मी पाचांत आहे."

गाडीत कुणी कुणाचं तोंड बघितलं नाही. थोरला गाडी चालवत सांगत राहिला, जणू रस्त्यालाच सांगतो आहे. नवव्या आठवड्यात रक्ताचा आकडा तिपटीवर गेला. त्याच दिवशी गोळ्या बंद. यकृत महिन्याभरात ताळ्यावर आलं, त्याची काळजी नाही. तेव्हाच सांगणार होतो, पण तू इतकी खुशीत होतीस.

मास्तरीण एकेक प्रश्न विचारत गेली, टाके उसवावेत तसे. रोज सकाळी मी हातावर ठेवत होते त्या गोळ्या कसल्या? ताकदीच्या, थोरला म्हणाला, औषधाच्या दुकानात मिळतात त्या साध्या. डबी तीच ठेवली. कुणी भरली? मी. आणि गुरुवारी कुठे जात होतात? धाकटी म्हणाली, दादाकडे.

"चार महिने?"

"चार महिने."

चार महिने मास्तरीण रोज सकाळी पाण्याचा पेला धरून उभी राहिली होती. इस्त्रीवाल्याला माहीत होतं का, हे तिने विचारलं नाही. हो म्हणाले असते तर तिला दुकानच बंद करावं लागलं असतं.

दुकानात शिरताच तिने शटर अर्धं ओढलं आणि घड्याळ थोरल्याच्या हातात कोंबलं. मोज, म्हणाली. थोरला म्हणाला, आई, कशाला आता. ती म्हणाली, गोळी नव्हती तर अकरा कुठून आले ते मला बघायचं आहे. भूत चालत होतं का? आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ. तिने ठरवून केलं नव्हतं. तिला फक्त दोघांची तोंडं बघायची नव्हती.

पाठ केल्यावर ऐकू आलं. काठीचा ठोका, मग डावं पाऊल, मग उजव्या पावलाची फरफट, आणि फरफटीनंतर एक लहानसं वाट बघणं. हे वाट बघणं तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं. आकडा सांगायच्या आधीच तो तिला कळला होता.

"अठरा," थोरला म्हणाला.

मग तिला तिचा अंगठा आठवला. पहिल्या रविवारी चल म्हणताक्षणी तिने घड्याळ चालू केलं होतं आणि धाकटीची दोन्ही पावलं रेघेपार गेल्यावर बंद. पुढे पुढे घड्याळ चालू व्हायचं ते धाकटीचा पाय उचलला गेल्यावर आणि बंद व्हायचं ते बोटं रेघेला लागताक्षणी. कधी त्याच्याही आधी. नव्या कामवालीला ती पहिल्या दिवशी सांगायची की टेप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, ते ती स्वतःला हवी तेवढी ओढतं. चाळीस वर्षं हे सांगितलं आणि स्वतःच्या लेकीची टेप स्वतः ओढली.

"तुला दिसत होतं," तिने विचारलं, अजून भिंतीकडेच तोंड.

धाकटी इस्त्रीच्या टेबलाला टेकली होती. धाप लागलेली. "दिसत होतं. मी पण शनिवारी सगळा दिवस बसून राहायचे, रविवारच्या पंचवीस फुटांसाठी पाय राखायला. सोमवारी मला उठता यायचं नाही. तुला वाटायचं, कामाने दमली."

"आणि तू बोलली नाहीस."

"तू मोजण्यात कधी चुकली नाहीस, आई. मला वाटलं, एवढी चुकतेय, तर हिला चुकायचंच आहे."

मास्तरणीच्या जिभेवर एरवी उत्तर तयार असायचं. कर वसूल करायला आलेल्या अधिकाऱ्यालाही तिने पँटची चेन दुरुस्त करून, वर चार शब्द ऐकवून परत पाठवलं होतं. आता राग कुणावर काढावा हेच तिला कळेना. डॉक्टरवर राग काढावा, तर डॉक्टरने तोंडावर खरं सांगितलं होतं. औषधावर काढावा, तर औषधाने तिला कसलं वचन दिलं होतं? ती वळली, तर फसवणारी दोघं समोर उभी होती, तिच्याच पोटची, आणि दया आल्यासारखी बघत होती. शत्रूने वार केला तर माणूस ढाल तरी पुढे करतं. आपल्याच लेकरांनी कीव केली तर काय पुढे करायचं?

"मी काय दूधखुळी आहे?" ती शेवटी म्हणाली. "सोळांतून अकरा गेले तर पाच राहतात, हे भर सभेत मला कळतं. मला सांगितलं असतं तर मी मेले असते का?"

"तू आम्हाला मारलं असतंस," थोरला म्हणाला. तो विनोद होता. कुणी हसलं नाही.

करार मात्र करार होता. तिने कपाटातून धाकटीचे कपडे काढले, घड्या घातल्या, पिशवीत भरले. धाकटी म्हणाली, एवढे नकोत. का नकोत, हे मास्तरणीला थोरल्याच्या घरी पोचल्यावर कळलं.

ती त्या घरी वर्षभरात गेली नव्हती. मागची खोली रिकामी असेल, तिथे काय काय लागेल याची यादी करू, म्हणून ती डोक्यात मापं घेत आत शिरली. खोली रिकामी नव्हती. पलंग होता, त्याच्या उशाला धाकटीची शाल होती, जी हरवली म्हणून तिने दुकान पालथं घातलं होतं. न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा बसवलेला होता, धाकटीच्या मनगटाच्या बरोबर उंचीला, आणि मधोमध हाताने धरून धरून त्याची चकाकी गेली होती. कपाटात साध्या कपड्यांचे चार जोड होते, सगळे पुढून उघडणारे, बटणांऐवजी चिकटपट्टी लावलेले. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम. टाके वाकडे होते. ते वाकडे टाके तिला त्या अठरा सेकंदांपेक्षाही जास्त बोचले.

"हे कुणी शिवलं?"

कोपऱ्यावरच्या दुकानात, थोरला म्हणाला. तुझ्याकडे आणलं असतं तर तुला कळलं असतं.

धाकटीने काठी दाराला टेकवली आणि कोपऱ्यातली चाकाची खुर्ची ओढून तिच्यात बसली. एखादा माणूस दिवसभराने चपला काढतो तशी बसली. मग तिने चाकांना हात लावला. ती वळली, टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली, पाणी ठेवलं, पेले काढले, साखरेचा डबा मांडीवर घेऊन परत आली. सगळं एका ओघात, कुठेही न थबकता. खांदे सैल होते. ओठ घट्ट मिटलेले नव्हते. सहा वर्षांपूर्वी कात्री चालवताना ती अशी दिसायची.

मास्तरीण बघत राहिली. म्हणजे हेही होतं. गुरुवार यकृताचा नव्हता, औषधाचा नव्हता. आठवड्यातून एक दिवस आईपासून सुटी घेतलेली होती. वर, एकोणीस पायऱ्यांच्या टोकाला, लेक तिच्यासाठी पाय ओढत होती आणि इथे येऊन स्वतःसाठी बसत होती. आणि मास्तरीण गिऱ्हाइकांना पडद्यामागे नेऊन भिंत दाखवत होती.

"बस ना, आई," धाकटीने चहाचा पेला पुढे केला. "पुढच्या चाचणीत माझं नाव घालणार नाहीत, यकृतामुळे. मी विचारलं. आता जे आहे ते हे."

"तेही विचारून झालंय."

"हो."

"बरं," मास्तरीण म्हणाली.

थोरल्याने खुर्ची सरकवली. ती बसली नाही. कपड्यांची पिशवी तिने पलंगावर ठेवली, वाकड्या टाक्यांचा एक सदरा हातात घेतला, बघितला, आणि उसवून, नीट शिवून आणते म्हणावं की नाही याचा विचार करून तो परत ठेवून दिला. मग चहा घेतला, उभ्यानेच, गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेल्यावर घेतात तसा, आणि रिकामा पेला स्वतः विसळून ओट्यावर पालथा घालून ती निघाली. थोरला गाडीची किल्ली घेऊन मागे आला. तिने त्याला सांगितलं की तिला बसचा रस्ता माहीत आहे.